रॉक-मेटलच्या वर्धापनदिनांची दिनदर्शिका: तारखा न चुकवता वर्षभराची यादी कशी तयार करावी

दरवर्षी ८ एप्रिलला ‘कर्ट कोबेन आजच्या दिवशी गेला’ अशा पोस्ट फिरतात. निर्वाणा बँडचा हा गायक गेला ५ एप्रिल १९९४ च्या सुमारास. ८ एप्रिलला सिअ‍ॅटलच्या घरात त्याचा मृतदेह सापडला. १० जानेवारीला रश बँडचा ड्रमर नील पीअर्ट याचं हेच होतं. तो गेला ७ जानेवारी २०२० ला, जगाला कळलं तीन दिवसांनी. पोस्ट टाकणाऱ्याने तारीख मनाने रचलेली नसते, पण ती असते भलत्याच घटनेची.

बहुतेक चुका याच जातीच्या. लोक आधी तारीख उचलतात आणि मग तिला घटना चिकटवतात. इथे क्रम उलटा ठेवला आहे. फॅन पेज, पॉडकास्ट, कॉलेजचं वार्तापत्र किंवा ट्रिब्यूट गिग, तुम्ही कशासाठीही यादी करत असाल तरी टप्पे याच क्रमाने घ्या. तिसरा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि सर्वांत जास्त वेळा तोच गाळला जातो.

## तयारी: तक्ता आधी, तारखा नंतर

एक्सेल किंवा गूगल शीट, जे हाताशी असेल ते उघडा आणि हे रकाने करा: घटना, घटनेचा प्रकार, देश किंवा शहर, दिवस, महिना, वर्ष, आधार, खात्री, शेरा.

दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे रकाने ठेवण्यामागे कारण आहे. एकाच रकान्यात ५/७/२०२५ लिहिलंत तर आपण ते ५ जुलै वाचतो आणि अमेरिकी मांडणीवर चालणारा तक्ता ७ मे समजतो. बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथचा निरोपाचा कार्यक्रम झाला ती हीच तारीख, ५ जुलै २०२५. अमेरिकी संकेतस्थळावरून आकडे तसेच उचलले की हा घोळ उलट दिशेनेही होतो. महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलंत तर प्रश्नच मिटतो, पण मग महिन्यांचा क्रम लावायला अडचण येते. म्हणून महिन्याच्या रकान्यात १ ते १२ एवढेच आकडे ठेवा.

तक्त्यात इंग्रजी आकडे (1, 2, 3) वापरा, मराठी अंक पोस्ट लिहिताना. देवनागरी अंक टाकले की तक्ता पुष्कळदा त्यांना मजकूर समजतो आणि पुढची बेरीज-वजाबाकी अडते.

तपासा: यादी आधी महिन्याने आणि मग दिवसाने लावून बघा. १९७० आणि २०१५ च्या नोंदी एकमेकींशेजारी आल्या तर मांडणी बरोबर आहे. सगळं १९६० पासून ओळीने आलं, तर तुम्ही वर्षाने लावलं आहे. ती यादी दिनदर्शिकेच्या कामाची नाही.

## टप्पा १: घटना एका वाक्यात लिहा

‘डीप पर्पलच्या त्या प्रसिद्ध गाण्याला ५० वर्षं’ ही नोंद अपुरी आहे. कशाला ५० वर्षं? स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथल्या कॅसिनोला फ्रँक झापाच्या कार्यक्रमात आग लागली ती ४ डिसेंबर १९७१ ला. ‘मशीन हेड’ अल्बमचं ध्वनिमुद्रण त्याच महिन्यात तिथे झालं. अल्बम आला मार्च १९७२ मध्ये. ‘स्मोक ऑन द वॉटर’ एकल गाणं म्हणून अमेरिकेत निघालं १९७३ मध्ये. एका गाण्याचे हे चार वर्धापनदिन आहेत आणि चारही खरे आहेत. तुम्ही कोणता साजरा करताय ते वाक्यात आलं पाहिजे.

त्यामुळे प्रत्येक नोंदीत क्रियापद हवं: ध्वनिमुद्रित झालं, प्रकाशित झालं, यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, सादर झालं, जन्मला, गेला, स्थापन झाला. क्रियापद सुचत नसेल तर नोंद करू नका.

‘पहिल्या क्रमांकावर गेलं’ या प्रकारात एक खाच आहे. गन्स अँड रोझेसचा ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ २१ जुलै १९८७ ला आला, पण बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या अल्बम यादीत वर पोहोचला तो ६ ऑगस्ट १९८८ च्या यादीत, म्हणजे वर्षभरानंतर. शिवाय ती अंकावरची तारीख आहे, अंक त्याआधीच बाजारात आलेला असतो. तेव्हा ‘६ ऑगस्टच्या यादीत’ असं लिहा, ‘६ ऑगस्टला’ नको.

बँडची स्थापना हा सर्वांत निसरडा प्रकार. चार मित्र गॅरेजमध्ये जमले त्या दिवसाची नोंद कोणी ठेवत नाही. माझा नियम असा: बँडने स्वतः एखादी तारीख जाहीरपणे मानली असेल तर ती घ्या, नाहीतर पहिल्या कार्यक्रमाची घ्या आणि तसं लिहा. मेटालिका २८ ऑक्टोबर १९८१ मानते. आयर्न मेडनसाठी १९७५ चा नाताळ सांगितला जातो. एसी/डीसीचा पहिला कार्यक्रम सिडनीच्या चेकर्स क्लबमध्ये ३१ डिसेंबर १९७३ ला झाला. क्वीनचं बघा, तिघे १९७० मध्ये एकत्र आले आणि जॉन डीकन १९७१ मध्ये आला. आपल्याला माहीत असलेली चौकडी म्हणजे क्वीन असं धरलं तर वर्ष बदलतं. अशा वेळी ‘१९७० मध्ये सुरुवात, चौथा सदस्य १९७१ मध्ये’ एवढं लिहून मोकळं व्हा.

## टप्पा २: घटना कुठली, ते ठरवा

आज अल्बम जगभर एकाच शुक्रवारी येतात. ही पद्धत १० जुलै २०१५ पासूनची. त्याआधी देशागणिक तारखा वेगळ्या असत, कधी काही दिवसांनी तर कधी काही वर्षांनी.

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये १३ फेब्रुवारी १९७० ला आला आणि अमेरिकेत १ जून १९७० ला. दुसरा, ‘पॅरानॉइड’, ब्रिटनमध्ये १८ सप्टेंबर १९७० ला, अमेरिकेत थेट जानेवारी १९७१ मध्ये. म्हणजे अमेरिकी तारीख धरली तर वर्षच बदलतं. बँड जिथला, तिथली तारीख मुख्य नोंदीत ठेवा. दुसऱ्या देशातली शेऱ्यात.

एसी/डीसीकडे दुप्पट लक्ष द्या. ‘हाय व्होल्टेज’ नावाचे त्यांचे दोन अल्बम आहेत, एक १९७५ चा ऑस्ट्रेलियातला आणि दुसरा १९७६ चा बाहेरच्या देशांसाठीचा. दोन्हींत बहुतेक गाणी वेगळी, मुखपृष्ठ वेगळं. ‘डर्टी डीड्स डन डर्ट चीप’ ऑस्ट्रेलियात १९७६ मध्ये निघाला आणि अमेरिकेत १९८१ मध्ये, म्हणजे तो गाणारा बॉन स्कॉट जाऊन वर्ष उलटल्यावर. अमेरिकी यादीवरून नोंद केली तर १९८० च्या ‘बॅक इन ब्लॅक’नंतर बॉन स्कॉट परत आला असं दिसेल.

सावध: जन्मस्थळ आणि शाळा यांची गल्लत करू नका. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथेच ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला. त्याचा आपल्याला अभिमान असणारच. जन्म मात्र झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. दर सप्टेंबरला त्याला मुंबईत किंवा पाचगणीत जन्माला घालणाऱ्या मराठी पोस्ट येतात.

## टप्पा ३: तारीख पडताळा

आधारांची उतरंड अशी ठेवा. सर्वांत वर त्या काळातला छापील पुरावा: मासिकातली जाहिरात, कंपनीचं पत्रक, वर्तमानपत्र. बिलबोर्डचे जुने अंक गूगल बुक्सवर पानोपान चाळता येतात, त्यासाठी पैसे लागत नाहीत. त्याखाली बँडचं किंवा कंपनीचं अधिकृत संकेतस्थळ. त्याखाली विकिपीडिया, पण त्यातलं वाक्य नव्हे, वाक्याखालची तळटीप. तळटीप नसेल किंवा ती एखाद्या ‘आजचा दिवस’ यादीकडे नेत असेल तर तो आधार धरू नका. या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. दहा ठिकाणी एकच तारीख दिसली म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही.

गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपमधली तारीख आधार म्हणून कधीच घेऊ नका. तिथे पुष्कळदा रीमास्टर केलेल्या, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज सुधारून पुन्हा काढलेल्या आवृत्तीची तारीख असते. नुसतं वर्ष ठाऊक असलेल्या जुन्या अल्बमांना १ जानेवारी चिकटवलेली असते. यादीत १ जानेवारीच्या नोंदी ढिगाने दिसल्या की समजून जा.

घरात जुनी कॅसेट किंवा सीडी असेल तर तिचा उपयोग वर्षापुरता होतो. वर्तुळातल्या ‘पी’ अक्षरापुढचं वर्ष त्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या प्रकाशनाचं असतं. नव्याने रीमास्टर केलेल्या प्रतीवर मात्र तिथेही नवं वर्ष येतं.

मग वार बघा. अमेरिकेत १९८९ पासून २०१५ पर्यंत अल्बम साधारण मंगळवारी येत, ब्रिटनमध्ये सोमवारी. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’, २४ सप्टेंबर १९९१: मंगळवार, जुळलं. लेड झेपलिनचा पहिला अल्बम अमेरिकेत १२ जानेवारी १९६९ ला आला असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि तो होता रविवार. दुकानं बंद असण्याच्या दिवशी अल्बम? इथे मी ‘जानेवारी १९६९’ लिहितो आणि पुढे जातो.

पण वार जुळला नाही म्हणून तारीख फेकूनही देऊ नका. मेटालिका आपल्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमची तारीख १२ ऑगस्ट १९९१ सांगते. तो सोमवार होता. वाराचा उपयोग शंका घेण्यापुरता, निकाल देण्यासाठी नाही.

शेवटी ‘खात्री’चा रकाना भरा. तीनच शेरे पुरतात: पक्की, फक्त महिना-वर्ष, वादग्रस्त. मेटालिकाच्याच १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’साठी २५ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर या दोन्ही तारखा छापलेल्या सापडतात. ही नोंद वादग्रस्त म्हणून ठेवा आणि पोस्ट करायचीच असेल तर दोन्ही तारखा सांगून करा. वाचक त्याने नाराज होत नाहीत. उलट जाणकार मंडळी पुरावे घेऊन येतात.

तपासा: ‘आधार’ रकाना रिकामा असलेली एकही नोंद पुढच्या टप्प्यात जाता कामा नये.

## टप्पा ४: मृत्यूच्या नोंदी वेगळ्या काढा

या नोंदींना तक्त्यात वेगळा रंग द्या. प्रत्येकीसाठी तीन तारखा शोधा: मृत्यू झाला ती, सापडला ती, जाहीर झाला ती. बहुतेकांच्या बाबतीत तिन्ही एकच निघतात. नाही निघाल्या तर पहिली घ्या. अ‍ॅलिस इन चेन्सचा लेन स्टेली १९ एप्रिल २००२ ला घरी मृतावस्थेत सापडला. मृत्यू ५ एप्रिलच्या सुमारास झाल्याचा अंदाज आहे, म्हणजे कोबेनचीच तारीख. ‘सुमारास’ हा शब्द दोघांच्याही पोस्टमध्ये राहिलाच पाहिजे. साउंडगार्डनच्या क्रिस कॉर्नेलने डेट्रॉइटमध्ये १७ मे २०१७ च्या रात्री कार्यक्रम केला आणि मध्यरात्र उलटल्यावर तो गेला. त्याची तारीख १८ मे.

वेळेच्या फरकाने आपल्याकडे वेगळा गोंधळ होतो. जॉन लेननवर न्यूयॉर्कमध्ये ८ डिसेंबर १९८० ला रात्री पावणेअकराच्या पुढे गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा भारतात ९ तारखेची सकाळ झाली होती. पँटेराचा डाइमबॅग डॅरेल ८ डिसेंबर २००४ ला रात्री ओहायोत मंचावर मारला गेला, तेही इथल्या ९ तारखेला. घटना जिथे घडली तिथली तारीख धरायची, इथली नाही. म्हणजे दोघांचाही स्मृतिदिन ८ डिसेंबर.

वयाचं गणित वजाबाकीने करू नका. ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न ३ डिसेंबर १९४८ ला जन्मला आणि २२ जुलै २०२५ ला गेला. २०२५ मधून १९४८ गेले की ७७ उरतात, पण तो ७६ वर्षांचा होता. बॉन स्कॉट (९ जुलै १९४६ ते १९ फेब्रुवारी १९८०) ३३ चा होता, ३४ चा नाही. मृत्यूच्या वर्षी वाढदिवस उलटला होता का, एवढं बघितलं की पुरे.

सावध: आत्महत्येने गेलेल्यांबद्दल लिहिताना कशी केली त्याचा तपशील नको, चिठ्ठीतली वाक्यं तर मुळीच नकोत. पोस्टच्या शेवटी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. कोबेन आणि लिंकिन पार्कचा चेस्टर बेनिंग्टन यांच्या दिवशी कमेंटमध्ये काय काय लिहिलं जातं ते वाचलं असेल, तर हे का सांगतोय ते कळेल.

## टप्पा ५: कार्यक्रमांच्या तारखा

पोस्टरवर असते ती ठरलेली तारीख. कार्यक्रम त्या दिवशी झालाच असेल असं नाही. मेटालिका २८ ऑक्टोबर २०११ ला गुडगावला वाजवणार होती, तिच्या तिसाव्या वर्धापनदिनीच. तो कार्यक्रम रद्द झाला. भारतातला त्यांचा पहिला कार्यक्रम ३० ऑक्टोबरला बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर झाला. गुडगावची तिकिटं आणि पोस्टरं अजून फिरतात, त्यावरून नोंद करणारे दरवर्षी सापडतात.

वुडस्टॉक महोत्सव १५ ते १७ ऑगस्ट १९६९ असा जाहीर झाला होता, पण जिमी हेंड्रिक्स मंचावर आला तो १८ तारखेच्या सोमवारी सकाळी. महोत्सवाची नोंद आणि त्यातल्या कलाकाराची नोंद म्हणून वेगळ्या ओळीत हव्यात.

चित्रित झालेला कार्यक्रम म्हणजे पहिला कार्यक्रम, हाही एक हमखास गैरसमज. मेटालिका, स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स हे चार बँड एका मंचावर पहिल्यांदा आले १६ जून २०१० ला वॉर्सात. सोफियाचा २२ जूनचा कार्यक्रम चित्रपटगृहांत दाखवला गेला आणि त्याचीच डीव्हीडी निघाली, म्हणून लोक २२ जून धरतात.

‘शेवटचा कार्यक्रम’ हे शब्द लिहिण्याआधी दोनदा विचार करा. ब्लॅक सॅबथचा ‘शेवटचा’ कार्यक्रम ४ फेब्रुवारी २०१७ ला बर्मिंगहॅममध्ये झाला होता, आणि मग २०२५ उजाडलं. स्लेयरने ३० नोव्हेंबर २०१९ ला निरोप घेतला आणि २०२४ मध्ये ते परतले. ‘त्या दौऱ्यातला शेवटचा’ असं लिहिलं की पुढे काहीही झालं तरी वाक्य खरं राहतं.

आपल्याकडच्या कार्यक्रमांच्या बाबतीत पुरावा कमी आणि आठवणी जास्त. आयर्न मेडन बेंगळुरूला १७ मार्च २००७ ला आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात १ फेब्रुवारी २००८ ला वाजले, या तारखा पक्क्या आहेत. पण मुंबईच्या रंगभवनातल्या इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाबद्दल विचारा, जो तो वेगळं वर्ष सांगेल, आणि प्रत्येक जण पहिल्या रांगेत उभा होता! अशा वेळी तिकिटाचा तुकडा, वर्तमानपत्रातलं कात्रण किंवा मागे तारीख लिहिलेला फोटो मागा. काहीच मिळालं नाही तर नुसतं वर्ष ठेवा. फक्त वर्ष माहीत असलेल्या नोंदी दिनदर्शिकेत कुठल्याच दिवसाखाली टाकायच्या नाहीत. त्यांचं वेगळं पान करा आणि वर्षात जिथे मोकळा आठवडा मिळेल तिथे वापरा.

## टप्पा ६: कितवं वर्ष, ते मोजा

‘५० वा वर्धापनदिन’ म्हणजे ५० वर्षं पूर्ण. ‘५० वं वर्ष’ म्हणजे ४९ पूर्ण होऊन पन्नासावं सुरू. पोस्टमध्ये पहिला प्रकारच वापरा, ‘५० वर्षं पूर्ण’ असे स्पष्ट शब्द घालून. एसी/डीसीला ५० वर्षं पूर्ण झाली ती ३१ डिसेंबर २०२३ ला. ते अख्खं वर्ष ‘५० वर्षं झाली’ म्हणणारे शेवटच्या दिवसापर्यंत चूकच होते.

२५ ला रौप्यमहोत्सव, ५० ला सुवर्ण, ६० ला हीरक, ७५ ला अमृत. ३० आणि ४० ला ओढूनताणून नाव देऊ नका. हयात माणसाचा वाढदिवस, गेलेल्याची जयंती. मोटरहेडच्या लेमीची जयंती २४ डिसेंबर आणि स्मृतिदिन २८ डिसेंबर, अंतर चारच दिवसांचं, त्यामुळे आकडे एकमेकांत मिसळतात. २०२५ मध्ये ८० वी जयंती आणि १० वा स्मृतिदिन होता. आणि तारीख की तिथी हा वाद कृपया शिवजयंतीपुरता ठेवा, मेटलमध्ये आणू नका.

तपासा: पूर्ण झालेल्या वर्षांचा रकाना सूत्राने भरला असेल तर त्यातल्या पाच नोंदी बोटांवर मोजून बघा.

## टप्पा ७: लिहा आणि वेळ ठरवा

रात्री बाराच्या ठोक्याला पोस्ट टाकायची घाई अमेरिकी घटनांसाठी फुकट जाते. तेव्हा तिथे आदल्या दिवसाची दुपार असते. भारतीय वेळेप्रमाणे संध्याकाळी टाका, दोन्हीकडे तीच तारीख असते.

मजकुराची पहिली ओळ पहिल्या टप्प्यातल्या वाक्यावरूनच यावी: कोण, काय, कुठे, कधी. उदाहरणार्थ, ‘१३ फेब्रुवारी १९७० रोजी ब्रिटनमध्ये ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम प्रकाशित झाला.’ तुमचं मत आणि आठवणी त्यानंतर.

फोटो निवडताना त्या वर्षी बँडमध्ये कोण होतं ते बघा. १९८८ च्या मेटालिकाच्या पोस्टला क्लिफ बर्टनचा फोटो चालत नाही. तो २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बस अपघातात गेला होता. ‘बॅक इन ब्लॅक’ला बॉन स्कॉटचा आणि ब्लॅक सॅबथच्या ‘हेवन अँड हेल’ला ऑझीचा फोटो लावणं ही नेहमीची फजिती, त्या अल्बमांत ते दोघे नाहीतच. नेटवरून उचललेल्या मैफलीच्या फोटोवर छायाचित्रकाराचा हक्क असतो, त्यापेक्षा स्वतःच्या कॅसेटचा फोटो काढा.

आगाऊ वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट त्या दिवशी सकाळी एकदा उघडून वाचा. बँडमधलं कुणी आदल्या रात्री गेलं असेल आणि तुमची पोस्ट ‘पार्टी करूया’ म्हणत असेल, तर ती आवरायला वेळ मिळतो.

चूक निघालीच तर पोस्ट उडवू नका. वर ‘दुरुस्ती’ लिहून योग्य तारीख द्या, जुनी तशीच दिसू द्या आणि ज्याने दाखवली त्याचे आभार माना. मग लगेच तक्ता उघडून तिथेही बदल करा आणि शेऱ्यात कारण लिहा. हे राहून गेलं तर पुढच्या वर्षी त्याच दिवशी तीच चूक पुन्हा छापली जाईल, कारण तोवर मूळ तक्ता कुणीच उघडलेला नसतो.